डोकं सोडून

ढकला, ढकला, काही होत नाही — भिऊ नका हो, खरं डोकं नाही ते, माझं डोकं हे इथं, मानेवर, तिथलं ते कागदाच्या लगद्याचं आहे. असं एका बोटानं नाही, तळहातानं ढकला. हां! बघितलं? गेला मागं, अझून मागं, आता पडणार असं वाटतं — आणि आला परत. वर मान डोलवतो. होय होय, होय होय. तंजावरची बाहुली ती हीच, बाजारात वीतभर मिळते, राजा आणि राणी, खाली बूड गोल आणि जड, वर डोकं हलकं, कितीही ढकला, उभी राहते. भुवनानं तीच माझ्याएवढी केली. माझ्याएवढी म्हणजे — माझीच. मिशी बघा. चष्मा बघा. लग्न झाल्यापासून मी तिच्या प्रत्येक गोष्टीस नाही म्हणत आलो, प्रत्येक, विचारा कोणासही, आणि तिनं मला केला तो असा, जो ढकलेल त्यास होय म्हणणारा. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा रंग ओला आहे, ह्या खुर्चीवर बसा. ही बसायची खुर्ची आहे.

भुवना येईल आता. बाहुलीवाल्याकडे गेली आहे, पुन्नैनल्लूरला, साचा आणायला, बस मिळाली की येईल. तिचं काही चुकलं नाही हो, तुम्हीच लवकर आलात — पुण्याचा माणूस सांगितलेल्या वेळेच्या आधी येतो हे आम्हास काय ठाऊक, इथं कोणी वेळेवर आला तरी घरातली माणसं घाबरतात, कोण गेलं म्हणून. काफी घ्या. तोंड लावू नका, वरून ओता — असू द्या, लावा, तुम्ही पाहुणे. आणि हे कार्ड दिलंत ते बहुत छान आहे, पण मला वाचता येत नाही. — नाही नाही, चष्मा आहे की डोळ्यांवर. तुमची अक्षरं येत नाहीत. आम्हास बोलायची मराठी, वाचायचं तमिळ, सही इंग्रजीत. आजोबांचे कोणी आजोबा राजाबरोबर तंजावरास आले ते परत जायचं विसरले, मराठी तोंडात राहिली, हातात नाही राहिली. हसलात कशास? ‘बहुत’ म्हणालो म्हणून? तुमच्याकडे ‘खूप’ म्हणतात, ठाऊक आहे मला, टीव्हीवर ऐकतो. मी सुरेंद्रराव. ओरत्तनाडूला सरकारी ऑफिसात होतो, जमिनीच्या नकाशांकडे, आता घरी. माझं नाव तुमच्याजवळ नसेल. ती भुवना सुरेंद्र अशी सही करते, म्हणजे अर्धं माझं आहे, पण लोक पुढचं अर्धंच वाचतात.

काय छापलं आहे तुमच्या प्रदर्शनाच्या त्या पत्रिकेत, वाचून दाखवा की. — हं. — हं. — काय? पुन्हा म्हणा तो शब्द. अतिवास्तव. अति… वास्तव! अय्यो, हे चांगलं आहे. चेन्नईवाल्यांनी इंग्रजी शब्द छापला होता, सर्रियल की काय, मी वासुकीस फोन करून विचारलं — वासुकी आमची मुलगी, बेंगळूरुला असते — ती म्हणाली, अप्पा, म्हणजे स्वप्नात दिसतं तसं, खरं नसलेलं. मी तेव्हाच म्हणालो, चूक आहे. खरं नसलेलं एक तरी दाखव. तुमचा शब्द बरोबर आहे. वास्तवच, पण अति. आमच्या घरात तेच चालतं. स्वप्नबिप्न काही नाही हो, ह्या बाईस स्वप्नं पडतच नाहीत, पाठ टेकली की घोरते. — लिहिता आहात का तुम्ही? घोरते ते लिहू नका. अतिवास्तव तेवढं लिहा.

सुरुवात त्या वासुकीनंच केली. आईस टॅब आणून दिला, चित्रं काढायचा, मला वाटलं चार दिवस त्यावर रांगोळ्या काढील आणि मग पापडाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवील. कोठलं काय! ही माझे फोटो काढू लागली. झोपलेला, जेवताना, दाढी करताना, मागून, खालून — मी म्हणायचो, अगं, पोलीस चोराचे देखील इतके काढत नाहीत. मग ते फोटो कापायचे, एकास एक जोडायचे, वरून त्या पेनानं रंग, सावल्या, घाम देखील काढते ती. लोक विचारतात, हे सगळं मशीन करतं ना, नुसतं सांगितलं की काढून देतं ते? तिनं पाहिलं होतं करून. इंग्रजीत लिहिलं — नवऱ्याच्या डोक्यावर मिरची वाटणारी बाई. मशीननं काय दिलं? एक गोरा माणूस, डोक्यावर मिरचीच्या आकाराची टोपी, आणि शेजारी एक बाई टाळ्या वाजवते आहे. भुवना म्हणाली, ह्यास घरचं कळत नाही. तेव्हापासून सगळं हातानं.

हां, तेच ते, तुमच्या मागं, भिंतीवर. वळा. मी बसलो आहे बनियन घालून, मांडी ठोकून, चेहरा बघा किती शांत. डोक्यावर पाटा, पाट्यावर लाल मिरच्या, ती वरवंट्यानं वाटते आहे आणि लाल पाणी माझ्या कपाळावरून चष्म्यात. चेन्नईच्या प्रदर्शनात ह्याच्यासमोर एक परदेशी बाई रडली, खरंच सांगतो. आणि दिल्लीहून कोणी समीक्षक आला होता, त्यानं हे एवढं लिहिलं — स्त्रीचा दडपलेला राग, स्वयंपाकघरातली हिंसा. राग कोठं आहे हो त्यात? साधी गोष्ट. मी वांगी आणायला गेलो, बाजारवाल्यानं खाली किडकी घातली, मी तशीच घेऊन आलो, तर ही म्हणाली — कोणीही येतो आणि तुमच्या डोक्यावर मिरची वाटून जातो. म्हणजे फसवून जातो. तेवढंच! चेन्नईची माणसं तर बघताक्षणी हसत होती. — कां? तुमच्याकडे नाही म्हणत? मराठीत नाही? अहो, मराठीच आहे की, डोकं मराठी, मिरची मराठी, वाटणं मराठी. — तमिळमधलं? सेरि, म्हणजे बरं, तमिळमध्ये म्हणतात, पण माझी आई मराठीतच म्हणत असे, तिला कधी कोणी सांगितलं नाही की हे आपलं नव्हे. बरं, मग तुमच्याकडे फसवलं तर काय म्हणतात? — टोपी घातली? टोपी! बघा म्हणजे, मशीनला तुमचं कळत होतं, आमचं नाही. तुमच्याकडे टोपी, आमच्याकडे मिरची, डोकं दोन्हीकडे नवऱ्याचं.

ह्याच्या शेजारचं बघा. हे तुम्हास कळलं, हसलात लगेच. मी घर डोक्यावर घेतलं आहे. माझा चष्मा सापडत नव्हता, मी जरा आवाज केला, झालं, तिनं सगळं घर उचलून माझ्या डोक्यावर ठेवलं, कौलांसकट, आणि खिडकीत ती स्वतः भात ढवळते आहे, चष्मा तिच्याच कपाळावर. आणि ह्यात कावळे ओरडतात पोटात. हेही तुमच्याकडे आहे ना? आणि हे? हे नाही कळलं? पोटात चिंच कोळते आहे हो. मी उताणा, पोट उघडं, आत हात घालून ती चिंच कोळते. भीती वाटली की असंच होतं की, पोटात चिंच कोळल्यासारखं — वासुकीचा निकाल लागायचा होता तेव्हा मी दिवसभर हेच म्हणत होतो. तुम्ही घाबरलात की काय होतं पोटात? — गोळा येतो? कसला गोळा? — नुसताच गोळा? कमाल आहे तुमची, आम्हास चिंच तरी आहे, सांबारास उपयोगी पडते. म्हणजे असं झालं बघा सार, तुमच्याकडे सर म्हणतात ते, अर्धी चित्रं तुम्हास कळतात ती तमिळ माणसास कळत नाहीत, त्यास कळतात ती तुम्हास कळत नाहीत, दोघे बाजूबाजूस उभे राहाल तर एक हसेल तेव्हा दुसरा गंभीर. सगळ्या चित्रांस हसणारी माणसं म्हणजे आमची माणसं, आणि ती प्रदर्शनास जात नाहीत. वरुणराव, माझा चुलतभाऊ, समोरच राहतो, तो म्हणतो, तिकडं जाऊन काय बघायचं, घरी रोज ऐकतोच आहे.

कोठं निघालात? त्या खोलीत? तिथं नवी आहेत. घाई कशास, हे कावळ्यांचं अझून नीट पाहिलं नाही तुम्ही, चोची बघा, खऱ्या कावळ्यांच्या आहेत, मी मुरुक्कु, तुमची चकली, घेऊन उभा राहिलो होतो गच्चीवर. — नवीच हवीत? म्हणजे पुण्यास फक्त नवी नेणार? — ही नाही? एकही नाही? तो डोलणारा तरी न्या. मोठा नाही हो तो, रेल्वेत बसून जाईल, तिकीट तपासनीस आला तर मान डोलवील. मी पुण्यास येईन न येईन, डोकं तरी येईल. नाही? बरं. तुमची मर्जी. चला, दाखवतो. पण आधीच सांगून ठेवतो, तिकडच्यांत मी नाही.

नाही म्हणजे नाही. कोठंच नाही. आणि ते माझ्याच म्हणण्यावरून. झालं काय, ते मिरचीचं चित्र एका तमिळ पेपरात आलं, रविवारच्या पानावर, रंगीत. पाठोपाठ पापनाशमला लग्न, आमच्या गोपालकृष्णाच्या मुलीचं. मंडपात शिरलो तेव्हापासून माणसं माझ्या डोळ्यांत बघतच नव्हती, वर बघत होती, टकलाकडे. पंगतीस बसलो. लोणचं वाढणारा आला, वाकून म्हणतो, सार, तिखट चालतं ना तुम्हास? पंगतच्या पंगत हसली, नवरामुलगा हसला, भटजी हसले. मी हात धुऊन उठलो, पायसम, तुमची खीर, ती देखील खाल्ली नाही, आणि लग्नाचं पायसम सोडायचं म्हणजे — असो. घरी आलो आणि म्हणालो, भुवना, तू मला काय म्हणत असतेस? माझ्या कामात डोकं घालू नका, माझ्या कामात डोकं घालू नका. आणि स्वतः तुझ्या कामात माझंच डोकं घालतेस! आजपासून माझं डोकं कोठं घालायचं नाही. कळलं? तिनं माझ्याकडे पाहिलं, ओटा पुसत होती, म्हणाली, सेरि. बास. भांडण नाही, आदळआपट नाही. भुवनास सांगितलं की ती ऐकते, हीच तर अडचण आहे, सांगितलं तेवढंच आणि सांगितलं तसंच ऐकते. एकदा म्हणालो, सांबारात मीठ दिसत नाही — तर वाटीत मिठाचा खडा ठेवून घेऊन आली, आता दिसतं का म्हणाली.

तर ही नवी. बघा. चांगलीच आहेत, मी वाईट कां म्हणेन, लोकांस जुन्यांहून आवडतात. छत्री आहे, दार आहे, हे नारळाचं झाड जरा विचित्र आहे, हे भाताच्या शेतातून जाणारं काहीतरी. सगळं आहे, माणूस नाही. म्हणजे मी नाही. बरंच झालं, मला काय, शांत झोपतो आता दुपारचा, कोणी फोटो काढील म्हणून भ्यायला नको. — वाईट कशास वाटेल? मीच तर सांगितलं. फक्त — म्हणजे कधी कधी सकाळी ती आंघोळीस गेली की टॅब उघडून बघतो, सहज, काय नवीन केलं म्हणून. गर्दीचं चित्र असलं तर मोठं करून बघतो, कोपऱ्याकोपऱ्यांत. मागं तिनं एक सगळी पंगत काढली होती, सगळे भोपळे बसलेले, केळीच्या पानांसमोर. एकेक भोपळा बघितला मी. मिशी असेल एखाद्यास, वाटलं. नव्हती. नळ बंद झाला, मी टॅब ठेवला होता तसा ठेवला. वरुणरावास सांगितलं तर तो म्हणतो, मग तिला सांग ना, घाल बाई पुन्हा. असं कसं सांगणार? पायसम सोडून आलो होतो मी. माणसास काही मान आहे की नाही? आणि सांगितलं आणि ती म्हणाली, नको आता, मग?… तुम्हास हे कशास सांगतो आहे मी. तुम्ही चित्रं बघायला आलात. बघा.

हे आवडलं? शेतातलं? हो, खुर्ची आहे ती, निघाली आहे शेतातून चालत, पापनाशमच्या स्टेशनाकडे, लांब बघा स्टेशनाची पाटी. एकटीच निघाली आहे. मला नाही आवडत, उगाच उदास होतं. — पाय? खुर्चीस पाय असतातच की. — माणसाचे? पुढचे दोन… हो, माणसाचे आहेत खरे, चिखलात आहेत म्हणून लक्षात आलं नाही. असतील कोणाचे. मॉडेल म्हणून कोणास तरी — थांबा. जरा बाजूस व्हा, उजेड येऊ द्या. हा अंगठा… डाव्या पायाचा… वाकडा आहे. आत वळलेला. — नाही, काही नाही. तुम्ही खाली कां बघता आहात? — हो, माझाही वाकडा आहे, लहानपणी त्यावर पाटा पडला, नख देखील असंच दुभंगलेलं… असंच. हेच नख. अहो सार, हा माझा पाय आहे.

ही छत्री दाखवा. मूठ बघा मूठ — मूठ नाही, कोपर आहे, आणि वर दंडावर देवीची टोचलेली खूण. थांबा, बाही वर करतो. बघा! बघा तुम्हीच, दोन गोल आणि एक लांबट. आणि ह्या दाराची कडी? कान! अय्यो, कान आहे, पाळी बघा खालची, ही लोंबती पाळी आमच्या बाबांची, मग माझी, वासुकीस नाही आली म्हणून तिनं देवास नमस्कार केला. आणि हे झाड, हे तर… झाडाचं खोड नाही हो हे, पाठ आहे, मणके आहेत, आणि मध्ये हा तीळ. माझ्या पाठीवर तीळ आहे का? मला काय ठाऊक! मला माझी पाठ कोठं दिसते? ह्या जगात ती एकाच माणसास ठाऊक आहे आणि ती साचा आणायला गेली आहे. आहे, तीळ असणारच. मी वेडा, सगळीकडे डोकं शोधत बसलो. काय म्हणालो होतो मी? डोकं घालू नको. डोकंच म्हणालो ना? हात म्हणालो नाही, पाय म्हणालो नाही. डोकं सोडून सगळं घातलं बाईनं! तेवढंच ऐकलं, सांगितलं तसंच ऐकलं, आणि मला एका शब्दानं बोलली नाही, इतके दिवस मी तिच्यासमोर फुगून बसलो तरी नाही बोलली. मिठाचा खडा देणारी बाई ती, बोलेल कशास.

हसा, हसा तुम्ही. मला हसूच येतं आहे. — ते? कोपऱ्यातलं? ते भांडं आहे, मातीचं, भाजून आणलं आहे, वरून पितळेचा रंग. मला वाटलं, घागर करते आहे. — झाकण निघतं वाटतं, काढा, हळू. आत पांढरं आहे? रंग असेल. आणि हा वरून पेला टांगला आहे, तारेनं, त्यातून धार… पांढरी धार… दुधाची. दूध ओततं आहे कोणीतरी, भांड्यात. — नाही, ह्याचं काही नाव सांगितलं नाही मला तिनं. तुमच्याकडे काही म्हणतात का असं? काय? जीव भांड्यात पडला? जीव? कोणत्या भांड्यात? म्हणजे काय होतं मग? — हायसं वाटतं. काळजी होती ती मिटते. असं. नाही हो, हे तिला ठाऊक नसणार, आम्ही असं कधी म्हणत नाही. आम्ही म्हणतो, पोटात दूध ओतलंस. चांगली बातमी आणली कोणी, की त्यास म्हणायचं, पोटात दूध ओतलंस रे बाबा. पण पोटात. हे तर भांडं आहे. भांडं आहे ना? गोल, आणि इथं हा खळगा… ही बेंबी. आणि ही आडवी रेघ. तडा नाही सार तो. तडा नाही. टाके आहेत. माझं अपेंडिक्स काढलं होतं.

कोणास म्हणालो होतो मी हे? तिलाच म्हणालो होतो. तिच्या छातीत गाठ आली होती, तपासणीस पाठवली होती, आम्ही कोणास सांगितलं नव्हतं, वासुकीस देखील नाही. ती आत गेली रिपोर्ट आणायला, मला म्हणाली तुम्ही बाहेर बसा, तुम्ही आत आलात तर डॉक्टरशी वाद घालाल. मी त्या बाकावर बसलो आणि मला काही म्हणता काही आठवेना, देवाचं नाव आठवेना. मग ती बाहेर आली, पदर नीट करत, म्हणाली, साधी गाठ आहे, चला, भूक लागली. आणि मी त्या सगळ्या माणसांसमोर तिचा हात धरला आणि म्हणालो, पोटात दूध ओतलंस गं. आणि रडलो. मोठ्यानं. ती म्हणाली, पुरे, लोक बघतात. मग रिक्षा करून घरी आलो, आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. मला वाटलं, तिला माझी लाज वाटली. लाज वाटली असं वाटत होतं मला, सार, आजपर्यंत. आणि हिनं माझं पोट भाजून आणलं, त्यास पितळेचा रंग दिला.

ठेवा ते झाकण. हे नाही न्यायचं. — नाही, तुमची भिंत मोठी असेल, मधोमध ठेवाल, सगळं खरं, हे नाही. पाय न्या, पाठ न्या, कान न्या, लागेल तितकं न्या माझं, हे इथं राहील. तिला विचारायचं आहे? मी सांगतो ना, नाही म्हणून. नाही म्हणणं मला येतं. — बस थांबली वाटतं कोपऱ्यावर. फाटक वाजलं. तुम्ही त्या खिडकीकडे तोंड करा जरा. करा हो, मला चेहरा पुसू द्या… भुवना? हो, आले आहेत ते, केव्हाच आले. काफी दिली. नाही गं, मी काही बोललो नाही, तोंडच उघडलं नाही, विचार त्यांनाच. तो साचा इकडं दे, जड आहे. कोणाचा आहे हा, गुडघा? माझाच ना? — काही नाही, सहज विचारलं. इथं बस तू. सार, तुम्ही जरा बाहेर ओट्यावर बसता का? नाही, फार वेळ नाही लागणार, तिला एक सांगायचं आहे, डोक्याबद्दल. नाही, तुमच्यासमोर नाही सांगत. जा हो. आणि जाताना ते दार ओढून घ्या.